बेळगावच्या रात्रीचं टेंपरेचर कोण मोजणार?

मा. संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की पेपरात रोज दुपारचा पारा छापून येतो, पण माझं म्हणणं रात्रीबद्दल आहे. आम्ही वडगावला राहतो, लहानपणी मे महिन्यात पण पहाटे चादर ओढायला लागायची आणि पाहुणे बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे, आता रात्री ११ वाजता भिंतीला हात लावला तरी भिंत गरम असते.

हे कोणाला सांगितलं की म्हणतात ग्लोबल वॉर्मिंग आहे, त्याला आपण काय करणार. ते आहेच, पण शहर स्वतःपण गरम होतं आणि हे लोकांना २०० वर्षांपूर्वीच कळलंय. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड म्हणून एकजण होता, धंदा औषधं बनवायचा आणि नाद हवामानाचा, ढगांना क्युम्युलस, स्ट्रेटस ही नावं त्यानंच दिली. त्यानं वर्षानुवर्षं गावाबाहेरचं टेंपरेचर लिहून ठेवलं आणि शहरातल्याशी ताडून बघितलं, १८१८ मध्ये पुस्तक काढलं. त्यात रात्री शहर बाहेरच्यापेक्षा सुमारे ३.७ फॅरनहाइट म्हणजे २ सेल्सिअसच्या वर गरम निघालं, आणि दिवसा उलट थोडं थंडच! म्हणून तर रात्रीचं मोजा म्हणतोय मी. कारणं पण त्यानं तेव्हाच सांगितली, चुली-भट्ट्या, उष्णता धरून ठेवणाऱ्या भिंती, अडलेला वारा, ओल कमी.

पुढं १९२७ मध्ये व्हिएन्नात विल्हेल्म श्मिटनं मोटारीला थर्मामीटर लावून शहरभर फिरून मोजलं. आपल्याकडं पुणे-मुंबईचं पण १९७० च्या दशकात मोजून झालंय.

आता कोण म्हणेल बेळगाव केवढं, हे मोठ्या शहरांचं दुखणं. तर कॅनडाचे हवामान अभ्यासक टिम ओक यांनी १९७३ मध्ये हजारभर वस्तीच्या खेड्यापासून २० लाखांच्या मॉन्ट्रियलपर्यंतचे आकडे मांडले आणि वारा पडलेल्या निरभ्र रात्री लहान गावातपण फरक दिसलाच, आपण तर २०११ लाच ५ लाखांच्या जवळ होतो. ओक यांचं अजून एक म्हणणं मला फार पटतं, गल्लीत उभं राहून वर बघितलं की आभाळ जेवढं कमी दिसेल तेवढी ती गल्ली रात्री निवायला वेळ लावते. आमच्या गल्लीत कौलं जाऊन तीन-तीन मजले स्लॅब चढले, आभाळाची नुसती पट्टी उरलीय, आणि शहापूर-वडगावचं बासमतीचं शिवार, जिथनं संध्याकाळी गार वारा यायचा, तिथं लेआऊट पडायला लागलेत.

सांबऱ्याच्या, म्हणजे विमानतळाच्या मोकळ्या माळावर जे टेंपरेचर असतं ते आमच्या गल्लीत कसं असेल? म्हणून विनंती अशी की आपल्या कॉलेजच्या पोरांना घेऊन तुम्हीच हे सुरू करा, मार्च ते मे, रात्री १० ला, एकाच वेळी खडे बाजार, कॅम्प, किल्ला तलाव आणि येळ्ळूरचं शिवार. थर्मामीटर सगळे एकाच जातीचे घ्या, आधी एका जागी ठेवून सारखं दाखवतात का बघा, भिंतीला टेकवू नका. कॅम्पात झाडं आहेत अजून, तिथला फरक तर बघायलाच पाहिजे. आणि आकडे रोज दुपारच्या पाऱ्याशेजारी छापा, म्हणजे नवीन लेआऊट पास करताना कोणाला तरी दाखवता येतील.

वडगावचं रीडिंग मी घेतो, रोज घेतो, वही आणून ठेवलीय. येळ्ळूरचं कोणी घेणार असेल तर तुमच्या ऑफिसात नाव द्यावं.

आपला,
एक जुना वाचक, वडगाव, बेळगाव