गर्दी मागच्या वर्षाची असते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रणजी सामन्यांच्या ओस गॅलऱ्यांबद्दल आपल्या अंकात एका वाचकांचे पत्र आले होते. त्यांची तळमळ पटली. मात्र शेवटी त्यांनी लिहिले आहे की, अमेरिकेत बेसबॉलचा साधा साखळी सामनाही हाऊसफुल्ल जातो, कारण तिथल्या माणसाला खेळाची कदर आहे. हे मी मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "यांना एकदा क्लीव्हलँडचं सांगा हो." म्हणून हे पत्र.

मी मूळचा सांगलीचा. १९७९ साली नोकरीसाठी ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडला गेलो, तिथल्याच कारखान्यातून निवृत्त झालो आणि आता थंडीचे चार महिने पुण्यात काढतो. चाळीसहून अधिक वर्षे एकाच संघाचे सामने बघतो आहे. पूर्वी त्याचे नाव इंडियन्स होते, २०२२ पासून गार्डियन्स. तिकिटांचे अर्धुक बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायची खोड आहे.

आधी एक हिशेब मांडतो. आयपीएलमध्ये एका संघाला घरच्या मैदानावर साखळीचे सात सामने मिळतात. बेसबॉलमध्ये ८१. एप्रिल ते सप्टेंबर, सोमवार-मंगळवार न बघता, कधी सलग आठ-दहा दिवस. दर वेळी चाळीस हजार खुर्च्या भरायच्या तर वर्षाला बत्तीस लाखांवर तिकिटे खपायला हवीत. कदर कितीही असली तरी मंगळवारी रात्री साडेदहाला घरी येऊन सकाळी सहाच्या पाळीला जायचे असते. मी गेलेलो आहे, म्हणून सांगतो.

आम्ही गेलो तेव्हाचे स्टेडियम ईरी सरोवराच्या अगदी काठावर होते. १९३१ साली बांधलेले, चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास खुर्च्या, पुढे खांब आला तर अर्धे मैदान दिसत नसे. गावातले लोक त्याला 'तळ्याकाठची चूक' म्हणत. १९८५ साली माझ्या सात वर्षांच्या मुलाने हट्ट धरला, म्हणून पहिल्यांदा तिथे गेलो. त्या वर्षी संघ १०२ सामने हरला आणि पूर्ण हंगामात ६ लाख ५५ हजार माणसे आली, म्हणजे सामन्यामागे जेमतेम आठ हजार. एवढ्या मोठ्या ताटात तेवढाच भात कसा दिसेल ते बघा. खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते वरच्या रांगेत ऐकू येई. आणि ऐकू येई ढोल. लांबच्या बाकांवर जॉन अ‍ॅडम्स नावाचे गृहस्थ १९७३ पासून एक मोठा ढोल घेऊन बसत आणि आपल्या संघाची फलंदाजी आली की बडवत. ढोलासाठी ते वेगळे तिकीट काढत! पुण्याच्या मिरवणुकीत ढोल माणसांत बुडून जातो. तिथे तो रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत यायचा. मुलाला बेसबॉल आधी त्या ढोलासाठीच आवडला. अ‍ॅडम्स २०२३ च्या जानेवारीत गेले, तेव्हा मुलाने कॅलिफोर्नियातून फोन केला आणि पाच मिनिटे आम्ही दुसरे काहीच बोललो नाही.

आता वर-खाली कसे झाले ते. १९८६ साली तोच संघ थोडा बरा खेळला, हरण्यापेक्षा जिंकला जास्त, तर आकडा दुपटीहून अधिक होऊन चौदा लाखांवर गेला. पुढच्या वर्षी एका बड्या क्रीडासाप्ताहिकाने भाकीत केले की हाच संघ अमेरिकन लीगमध्ये सर्वोत्तम. संघाने १०१ सामने हरून दाखवले. तरी दहा लाखांवर माणसे आली. असल्या घाणेरड्या खेळाला दोन वर्षांपूर्वी साडेसहा लाख आले होते, हे लक्षात घ्या. ही चारेक लाख जास्तीची माणसे भाकितावर आणि मागच्या उन्हाळ्याच्या आठवणीवर आलेली होती.

त्याहून गंमत १९९३ ची. संघ तेव्हाही हरण्यातच जास्त, पण जुन्या स्टेडियमचे ते शेवटचे वर्ष. एकवीस लाखांवर लोक आले, आदल्या वर्षी बारा लाख होते. शेवटच्या तीन दिवसांत दोन लाखांवर. ज्या चुकीला वर्षानुवर्षे शिव्या घातल्या, तिच्या निरोपाला लोक पोरांना खांद्यावर घेऊन आले. आम्हीही गेलो. शेवटचा सामना हरलो.

नवे मैदान गावाच्या मध्यभागी झाले. त्याच्या खर्चासाठी १९९० साली मतदान घेऊन दारू-सिगारेटवर कर बसवला होता. मी दोन्हींतला नाही, त्यामुळे फुकटात बघितल्यासारखे वाटते. १९९४ ला ते उघडले, संघ अचानक चांगला निघाला, पहिल्या क्रमांकापासून एक सामना मागे होता, आणि १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे ऑक्टोबरात होणारी विजेतेपदाची मालिकासुद्धा झाली नाही. लोक इतके चिडले की १९९५ साली देशभर सरासरी प्रेक्षकसंख्या सुमारे वीस टक्क्यांनी घसरली. कोट्यधीश मालक आणि लक्षाधीश खेळाडू भांडतात आणि आम्ही पार्किंगचे पैसे भरतो, असे माझ्या शेजारच्या लेथवरचा माणूस म्हणे. तो पुढची तीन वर्षे गेला नाही.

पण क्लीव्हलँड उलट्या दिशेने गेले. १२ जून १९९५ पासून प्रत्येक सामन्याचे प्रत्येक तिकीट विकले गेले, ते २००१ च्या एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. सलग ४५५ सामने! संघाने तो ४५५ हा आकडा प्रेक्षकांच्या नावाने निवृत्त केला, म्हणजे त्या क्रमांकाचा शर्ट आता कुणालाच मिळायचा नाही. १९९५ ला संघाने १४४ पैकी १०० सामने जिंकले, हे खरेच. शिवाय मैदान कोरे करकरीत. शिवाय त्याच नोव्हेंबरात गावचा अमेरिकन फुटबॉलचा संघ ब्राऊन्स बाल्टिमोरला हलवतो असे त्याच्या मालकाने जाहीर केले, तेव्हा गावाकडे वर्षभर रडायला आणि ओरडायला दुसरे ठिकाण राहिले नाही. १९९६ चा पूर्ण हंगाम पहिला चेंडू पडायच्या आधीच विकला गेला होता. बाहेर गुडघाभर बर्फ आणि लोक जुलैची तिकिटे काढताहेत. आमच्या मराठी मंडळाने त्या उन्हाळ्यात चाळीस जणांची सहल काढायची ठरवली, तर तिकीटखिडकीवरची मुलगी हसली. शेवटी आम्ही भेळ घेऊन सरोवरावर गेलो.

१९९९ साली आकडा ३४ लाख ६८ हजार झाला. २००३ साली १७ लाख ३० हजार. चार वर्षांत निम्मा. त्याच मंडळाला तेव्हा चाळीस तिकिटे सवलतीत मिळाली, वर टोप्या फुकट.

गावातल्या कुणालाही विचारा, तो नव्या मालकांना शिव्या देईल: २००० साली संघ विकला गेला, मग मॅनी रामिरेझ गेला, जिम टोमी गेला, दोघेही बिनीचे फलंदाज. यात तथ्य आहे. पण तिकिटे सलग खपण्याचा क्रम तुटला तो २००१ च्या दुसऱ्याच घरच्या सामन्याला, आणि त्या वर्षी संघ गटात पहिला आला! ब्राऊन्स १९९९ ला नव्या रूपात परतले होते. मैदान सात वर्षांचे झाले होते, नवलाई ओसरली होती. आणि मुळात हे गावच आटत चालले आहे. १९५० साली क्लीव्हलँडची वस्ती ९ लाख १४ हजार होती, २०२० च्या खानेसुमारीत ३ लाख ७२ हजार. उपनगरे धरली तरी तीन-तीन व्यावसायिक संघ पोसणे सोपे नाही. माझ्या मते २००३ हा खरा आकडा होता, १९९९ हीच मौज होती. हे मी गावात बोलत नाही.

सगळ्यांत बोलके वर्ष २०१६. संघ वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला आणि शिकागोकडून हरला. त्या वर्षीच्या साखळी सामन्यांना आले किती? १५ लाख ९१ हजार. पुढच्या वर्षी साडेवीस लाख. याचे कारण साधे आहे. हंगामी तिकिटे हिवाळ्यात विकली जातात, गटाच्या सहली मार्चमध्ये ठरतात, आणि तेव्हा माणसाच्या डोळ्यांपुढे मागचा ऑक्टोबर असतो. संघ जूनमध्ये जिंकू लागला तर फार तर खिडकीवरचे चार-सहा हजार वाढतात. गर्दी उशिरा येते आणि जातेही उशिरा. म्हणून संघ दुबळा केला तरी मालकांना वाटते की कुणाच्या लक्षात आले नाही.

हवा वेगळीच. एप्रिलमध्ये सरोवरावरून वारा येतो तो स्वेटरमधून आरपार जातो. २००७ साली सिॲटलविरुद्धची पहिली पूर्ण मालिका बर्फामुळे झाली नाही आणि पुढचे तीन सामने मिलवॉकीच्या छपराखाली, दुसऱ्याच राज्यात, दहा डॉलरला तिकीट लावून खेळवावे लागले. गंमत म्हणजे तिथे त्या परक्या सामन्यांना तिन्ही दिवसांत मिळून पन्नास हजारांवर लोक आले. जूनमध्ये शाळा सुटल्या की आमच्याकडेही बाके भरू लागतात. शुक्रवारी आतषबाजी असते. एक डॉलरच्या हॉट डॉगच्या दिवशी माणसे दहा-दहा खाताना मी पाहिली आहेत. दहा सेंटला बिअर देण्याचा प्रयोग १९७४ च्या ४ जूनला झाला होता, मी तेव्हा सांगलीत होतो. पंचवीस हजार आले, मैदानात उतरले, आणि पंचांनी सामना टेक्सासला बहाल केला. कारखान्यातले जुने लोक ती हकिकत लग्नाच्या हकिकतीसारखी सांगत.

आणि छापून येणाऱ्या आकड्यावरही फार विसंबू नये. तो विकलेल्या तिकिटांचा असतो, आत आलेल्या माणसांचा नव्हे. फलकावर एकोणीस हजार जाहीर झाले आणि मी आजूबाजूला हात लांब करून बसलो आहे, असे अनेकदा झाले.

राहिला प्रश्न कदरीचा. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या बेसबॉल संघाला २०२३ साली सरासरी दहा हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. मालक संघ लास व्हेगासला नेणार म्हणून लोकांनी पाठ फिरवली होती. १३ जूनला मात्र प्रेक्षकांनी ठरवून यायचे ठरवले आणि २७,७५९ आले, मालकाने संघ विकावा असे ओरडायला. आता तो संघ ओकलंडमध्ये नाही. ही माणसे बेकदर होती असे म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. आणि २०२५ च्या जानेवारीत विराट कोहली दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला, तेव्हा सकाळी दारावर हजारो लोक होते, हे आपल्याच अंकात वाचले. दिल्लीकरांची कदर त्या रात्रीत उगवलेली नसावी. रणजीचा सामना कोणत्या वारी, कुठे, कोण खेळणार, हे आदल्या आठवड्यात गल्लीतल्या पोराला ठाऊक असते का? गॅलरीत पाणी आणि सावली असते का? हे आधी विचारावे असे मला वाटते.

सदर पत्रलेखक कधी अमेरिकेत आले तर त्यांनी एप्रिलमधल्या एखाद्या मंगळवारी क्लीव्हलँडला यावे. तिकीट मी काढीन, जागा हवी तिथे मिळेल. स्वेटर दोन आणावेत.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता
क्लीव्हलँड (ओहायो), सध्या मुक्काम पुणे