‘ताबा सुटला’ लिहिण्याआधी वारा कुठून होता ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात आठवड्यातून एकदा तरी ही ओळ वाचतो : ‘दुचाकीवरील ताबा सुटून तरुण ठार.’ पावसाळ्यात ती जास्त वेळा येते. मी कराडला राहतो. औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून गेली २२ वर्षं मोटरसायकलवर फिरतो. दोन दिवस साताऱ्याकडे, दोन दिवस कोल्हापूरकडे. पुणे-बेंगळुरू महामार्गाचा हा तुकडा मला घरच्या अंगणासारखा माहीत आहे. म्हणून सांगतो, ताबा आपोआप सुटत नाही. पुष्कळदा तो वारा सोडवतो, आणि त्या वाऱ्याचं नाव ना बातमीत येतं ना पंचनाम्यात.

पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे आपला तरणा आणि म्हातारा पाऊस, या नक्षत्रांत आमच्याकडे वारं सुटतं ते पश्चिमेकडून. महामार्ग जातो उत्तर-दक्षिण. म्हणजे साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत वारा दुचाकीला समोरून किंवा पाठून नाही, सरळ बरगडीत लागतो. त्यात कृष्णेला मिळायला येणाऱ्या बहुतेक नद्या सह्याद्रीतून पूर्वेकडे येतात आणि प्रत्येकीचं खोरं हे वाऱ्याचं नरसाळं असतं. पाटणकडून कोयनेच्या खोऱ्यातून दाटून आलेला वारा कराडजवळ पुलावर मोकळा होतो. पुढे वारणेचा पूल, मग शिरोलीला पंचगंगेचा. तिन्ही ठिकाणी रस्ता उंच, दोन्ही बाजूंना आडोसा नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. तिथे तो वर्षानुवर्षं मोजला गेला, नोंदवला गेला. पठारावरून खाली उतरून महामार्गावर आला की मात्र तो कुणाच्याच हिशेबात नाही.

चारचाकीवाल्यांना हा वारा फारसा कळत नाही. माझी १२५ सीसीची गाडी १२० किलोच्या आसपास, वर मी आणि पाठीला औषधांची बॅग. गाडी आणि माणूस मिळून वाऱ्याला साधारण एक चौरस मीटर अंग मिळतं. ताशी ५० किलोमीटरचा वारा त्यावर दहा-बारा किलोचा रेटा देतो, तोही गाडी जागेवर उभी असताना. धावत्या गाडीवर तो आणखी वाढतो. शिवाय हा रेटा वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो : ४० चा वारा ६० झाला की दीडपट नव्हे, सव्वादोन पट. सलग वाहणाऱ्या वाऱ्याला माणूस सरावतो, गाडी त्या बाजूला थोडी कलती ठेवून चालवतो. घात होतो तो झपक्याने. झपका येतो तेव्हा गाडी एका बाजूला जाते. आपण तिला सावरतो न सावरतो तोच झपका ओसरतो, आणि ज्या बाजूला रेटून धरलं होतं त्याच बाजूला गाडी कोसळू पाहते. ताशी ८० ला सेकंदाला २२ मीटर अंतर जातं. लेनची रुंदी साडेतीन मीटर. चुकायला जागा किती उरते ते वाचकांनीच ठरवावं.

एक गोष्ट मी इतक्या वर्षांत कुठे छापून आलेली पाहिली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोल्हापूरला जाताना आणि कोल्हापूरहून येताना धोका वेगवेगळा असतो. जाताना वारा उजवीकडून येतो आणि आपल्याला डावीकडे, रस्त्याच्या कडेला ढकलतो. कडेला खडी असते, पाणी साठलेलं असतं. पडलो तर तिथे पडतो. येताना तोच वारा डावीकडून लागतो आणि आपल्याला उजवीकडे, वेगाने येणाऱ्या मोटारी आणि कंटेनरच्या लेनमध्ये नेतो. म्हणून संध्याकाळी घराकडे परतण्याची वेळ जास्त वाईट. माणूस दमलेला असतो, पाऊस असतो, आणि एक चुकलेला झपका त्याला थेट चाकाखाली घालू शकतो.

ओव्हरटेकचंही तसंच. परतीच्या वाटेवर ट्रकच्या उजवीकडून पुढे जाताना ट्रक आपला आडोसा होतो. कानातला आवाज थांबतो, गाडी हलकी वाटते, आणि वारा थांबला असं वाटून आपण हात सैल सोडण्याऐवजी गाडी सरळ करून वेग वाढवतो. ट्रकच्या तोंडापुढे निघालो की सगळा वारा एकदम अंगावर. गेल्या वर्षी जुलैमध्ये कोयनेच्या पुलाच्या अलीकडे मी असाच एका कंटेनरच्या पुढे निघालो आणि गाडी जवळजवळ दुभाजकाला जाऊन टेकली. मागून एक एसटी येत होती. चालकाने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून हे पत्र लिहितो आहे. त्यांचे आभार मानायचे राहून गेले. हे त्यांच्या वाचनात आलं तर माझा नमस्कार पोहोचावा. कोल्हापूरकडे जाताना याच्या उलट होतं. ट्रकच्या उजवीकडे आपण उघड्या बाजूला असतो आणि वारा आपल्याला ट्रककडेच लोटतो.

पावसाळ्याइतकाच वाईट काळ एप्रिल-मेचा, वळवाचा. तोपर्यंत ऊस तुटून गेलेला असतो. दिवाळीच्या आधी महामार्गाच्या दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस उभा असतो, त्याचा केवढा आधार होतो हे तोड झाल्यावर कळतं. मोकळ्या रानावरून धुळीचा लोट उठतो, पाच मिनिटांपूर्वी पान हलत नसतं आणि एकदम वारं फिरतं, तेही कुठल्या दिशेने येईल याचा नेम नाही. रुंदीकरणात जुनी झाडं गेली, तोही आडोसा गेला. कामाच्या जागी लावलेले पत्रे वळवात सुटून रस्त्यावर आलेले मी दोनदा पाहिले आहेत.

आमच्या शेजारच्या गावातला २४ वर्षांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी असाच वळवात गेला. मागे मोठा चौकोनी खोका बांधलेला होता, घरपोच सामान द्यायचं काम करायचा. असा खोका म्हणजे वाऱ्याला धरायला दिलेलं शीडच. हेल्मेट होतं, दारूचा थेंब नाही. गुन्हा त्याच्यावरच दाखल झाला, स्वतःच्या मृत्यूला स्वतः कारणीभूत. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतले दोन पत्र्याचे छप्पर उडाले होते; पंचनाम्यात त्याचा एक शब्द नाही. ‘हयगयीने व भरधाव’ एवढंच.

पोलिसांना तरी एकट्यांना दोष का द्यावा? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अपघात अहवालात हवामानानुसार अपघातांची वर्गवारी असते : स्वच्छ ऊन, पाऊस, धुकं, गारपीट आणि ‘इतर’. वाऱ्याला स्वतंत्र रकाना नाही. कोरड्या दिवशी वाऱ्याने पडलेला माणूस बहुधा ‘स्वच्छ ऊन’ मध्ये मोजला जातो. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. त्यांतल्या किती जणांना वाऱ्याने पाडलं, हे या वर्गवारीतून कधीच कळणार नाही.

रेल्वेला हे कळतं. कोकण रेल्वेने रत्नागिरी-निवसरच्या मधल्या पानवल पुलावर, गोव्यात मांडवी आणि जुवारीवर, कर्नाटकात शरावतीवर वारा मोजायची यंत्रं बसवली आहेत, आणि वारा वाढला की गाड्यांचा वेग कमी केला जातो. रामेश्वरमच्या जुन्या पांबन पुलावर ताशी ५८ किलोमीटरच्या वर वारा गेला की सिग्नल लाल होत असे. शेकडो टनांच्या गाडीची जिथे एवढी काळजी, तिथे १२० किलोच्या गाडीवरच्या माणसासाठी साधी वाऱ्याची पिशवी, वाऱ्याने फुगून त्याची दिशा आणि जोर दाखवणारी, नसावी? ती कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर असते. युरोपात महामार्गावर तिचंच चित्र असलेली लाल त्रिकोणी पाटी लावतात. कोयना, वारणा, पंचगंगा या तीन पुलांच्या अलीकडे दोन्ही बाजूंना अशी पाटी आणि एक नारिंगी-पांढरी पिशवी लावली तर लांबूनच कळेल, पुढे वारा किती आणि कुठून. याला फार खर्च येईल असं मला वाटत नाही.

पुलावर आडोसा करायचा झाला तर तो सलग भिंतीचा नको. भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरा करतो, ती संपते तिथे तर एकदम जोराने लागतो. फटी असलेला कठडा किंवा भरावाखाली बांबूची रांग वाऱ्याचा जोर मोडते. गुलमोहर मात्र लावू नका, त्याच्या फांद्या वाऱ्यात पहिल्या तुटतात.

कुणी म्हणेल, दुचाकीला बंदीच करा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धीवर, अटल सेतूवर ती आहेच. आमच्याकडे दुसरा रस्ता कुठे आहे? सेवा रस्ता सलग नाही, पुलाजवळ तो महामार्गातच येऊन मिळतो. दूध, शाळा, दवाखाना, कारखाना, सगळं याच रस्त्यावरून.

नव्या मुलांना मी एवढंच सांगतो : वारं असेल तेव्हा ५० च्या आत या, टाकी गुडघ्यांनी घट्ट धरा पण हात सैल ठेवा, कारण आवळून धरलेल्या हँडलला अंगाला बसलेला प्रत्येक हिसका पोहोचतो. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला लेनमध्ये थोडं सरकून चला, म्हणजे ढकललं तरी जागा उरते. रेनकोट फुगणारा नको, कमरेला बांधा. मागे बसणाऱ्या बाईमाणसाने अशा दिवशी तरी एका अंगाला बसू नये. आणि पुलावर फारच वाटलं तर पूल येण्याआधी थांबा, पुलावर थांबू नका.

आपल्याकडे मागणं दोन गोष्टींचं आहे. हवामानाच्या चौकटीत आपण पाऊस मिलिमीटरमध्ये देता, धरणाचा साठा टीएमसीमध्ये देता. वेधशाळा ताशी ४० ते ५० किलोमीटर वाऱ्याचा इशारा देते तेव्हा तो मच्छीमारांसाठी म्हणून कोकणच्या पानावर जातो. तोच आकडा आमच्या पानावर, दुचाकीस्वारांसाठी म्हणून छापावा. आणि ‘ताबा सुटून’ची बातमी आली की आपल्या वार्ताहराने एक प्रश्न जास्तीचा विचारावा, त्या वेळी वारा किती होता आणि कुठून.

त्या मुलाचे वडील मला अजून भेटतात. दर वेळी विचारतात, “तुम्ही रोज जाता त्या रस्त्याने. पोरगं गाडी बरी चालवायचं ना हो?”

आपला नम्र,
एक नियमित वाचक
कराड, जि. सातारा