विव्हिसला एकटी निघालीस तर

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी स्कॉटलंडमधल्या बेन विव्हिस डोंगरावर एकटीच जाणार आहेस, हे आईकडून कळलं. "तुम्हीच थांबवा तिला," असं ती सकाळपासून म्हणतेय. मी थांबवणार नाही. अ‍ॅबर्डीनच्या नोकरीत असताना मीही हिवाळ्यात ते डोंगर एकट्यानं हिंडलोय. एकट्यानं चालताना डोंगराकडे जसं लक्ष राहतं तसं घोळक्यात राहत नाही, हे माझं मत आजही कायम आहे. पण "कळसूबाईपेक्षा लहानच आहे" हे तुझं वाक्य मला खटकलं.

लहान आहे, खरंय. कळसूबाई 1646 मीटर, विव्हिस 1046. अख्ख्या ब्रिटनमध्ये सर्वांत उंच असलेला बेन नेविसही 1345 मीटरच, म्हणजे आपल्या हरिश्चंद्रगडापेक्षा कमी. पण सह्याद्रीत वाट हुकली तर माणूस एखाद्या गुहेत नाहीतर झाडाखाली रात्र काढतो आणि उजाडल्यावर गावात उतरतो. तिथे जानेवारीत उघड्यावर काढलेली रात्र जिवावर बेतते. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी 2 अंश असेल तर माथ्यावर उणे साडेचार, आणि ताशी 60 किलोमीटरचा वारा असला की अंगाला ते उणे 15 सारखं लागतं. तसा वारा तिकडे अगदी नेहमीचा. तिकडच्याच केर्नगॉर्म डोंगराच्या माथ्यावर 20 मार्च 1986 ला ताशी 173 मैलांचा झोत नोंदलाय.

विव्हिसच्या पायथ्याला गार्बटच्या पार्किंगपासून ओढ्याच्या कडेनं जंगलातली वाट सोपी आहे. तिथून अन काबर या अलीकडच्या टोकाची चढण अंगावर येते. बर्फ कडक असेल तर क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखालचे काटे, चढण सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर बसून चढव. अर्ध्या उतारावर एका पायावर उभं राहून पट्टे आवळायची वेळ आणू नकोस. आइस अ‍ॅक्स हातात हवी, सॅकला अडकवलेली काही कामाची नाही. हातमोज्यांना दोरी लाव. चेन ओढायला मोजा काढला आणि वाऱ्यानं नेला, की दहा मिनिटांत बोटं बकल उघडण्याच्याही लायकीची राहत नाहीत.

अन काबरनंतर धार रुंद आणि शेवाळाची, उन्हाळ्यात गालिच्यासारखी मऊ. माथा तिथून ईशान्येला, साधारण दोन किलोमीटरवर. हाच टप्पा मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण तिथे अवघड काहीच दिसत नाही. ढग उतरले की जमीन आणि आभाळ एकच पांढरं होतं आणि पूर्वेकडचे कडे कुठे सुरू होतात ते कळत नाही. पश्चिमेच्या वाऱ्यानं वाहून आलेला बर्फ त्या काठावर बाहेर झुकून साचतो. वर उभं राहिलं तर घट्ट वाटतो, खाली मात्र काही नसतं. होकायंत्राचा कोन अन काबरवरच, दिसत असताना लावून ठेव. मोबाइल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. थंडीत बॅटरी बघता बघता बसते.

हिमप्रपाताचा रोजचा अंदाज स्कॉटलंडमध्ये सहा भागांसाठीच निघतो, विव्हिस त्यात नाही. शेजारच्या टॉरिडनचा वाच, पण वारा आदल्या दोन दिवसांत कुठून वाहिला ते स्वतः बघ.

आता वेळेचं. सूर्य तिकडे सध्या पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि चारनंतर लगेच मावळतो. नेस्मिथ या गिर्यारोहकाचा 1892 चा हिशोब आहे: पाच किलोमीटरला एक तास, वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक. त्यानं माथ्यापर्यंत तीन तास होतात, बर्फात चार धर. साडेआठला निघालीस तर साडेबाराला जिथे असशील तिथून मागे फिर, माथा समोर शंभर पावलांवर दिसत असला तरी. ही वेळ आज घरी बसूनच ठरव, कारण वर गेल्यावर माणूस स्वतःशी घासाघीस करतो. हेडटॉर्च तरीही घे, जास्तीच्या सेलसकट.

हवा साथ देईल तर मात्र भरपूर बघ. पांढरे झालेले ससे दिसतील, ते पळायला लागेपर्यंत कळतच नाहीत. माथ्यावरच्या सर्व्हेच्या खांबाकडे नीट बघ: गोठलेल्या धुक्याची पिसं वाऱ्याच्या बाजूलाच वाढलेली असतात, म्हणजे वारा कुठून आला आणि त्यामुळे बर्फ कुठे साचला असेल ते तो खांब सांगतो. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 11 अंश वर असतो. खाली ढग आणि पाठीशी असं तिरपं ऊन असेल तर इंद्रवज्र, म्हणजे ढगावरच्या आपल्या सावलीभोवतीचं रंगीत वर्तुळ, दिसू शकतं. कर्नल साइक्सनं हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून पाहिलं तेच. बेन नेविसच्या माथ्यावर 1883 ते 1904 वेधशाळा होती. तिथे 1894 च्या सप्टेंबरमध्ये विल्सन या तरुण शास्त्रज्ञानं ते पाहिलं आणि प्रयोगशाळेत ढग तयार करायला घेतले. त्यातून सूक्ष्म कणांचा माग दाखवणारी मेघपेटी झाली, आणि 1927 चं नोबेल. तू ते काठापासून लांब उभी राहूनच बघ.

रस्ता आणि परतीची वेळ मैत्रिणीला लिहून दे, मलाही पाठव. काही झालं तर 999, आधी पोलीस माग, मग माउंटन रेस्क्यू. ती माणसं स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत; फोन करायला संकोचू नकोस आणि उशीरही करू नकोस.

तुझे चार वाजतात तेव्हा इथे साडेनऊ झालेले असतात. गाडीपाशी पोचलीस की बूट काढायच्या आधी आईला फोन लाव, मला नंतर केलास तरी चालेल.

तुझा,
बाबा