उद्यमबागच्या पोरांना इंग्रजी कोण शिकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आपल्या पेपरात इंग्रजीत पैकीच्या पैकी मार्क मिळवलेल्या पोरांचे फोटो येतात, बघून बरं वाटतं. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवत होते, आता रिटायर आहे, पण घरी बसवत नाही म्हणून जवळपासच्या शाळांत अधनंमधनं जाऊन बसते, आणि तिथं जे बघते त्यावरनं फोटोत कधीच न येणाऱ्या पोरांबद्दल लिहावंसं वाटलं. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागात फौंड्रीत, कारखान्यांत यूपी, बिहार, ओडिशाकडची माणसं कामाला आहेत, बांधकामावर तर विचारूच नका. बरेच जण बायकापोरं घेऊन राहतात आणि ती पोरं आपल्याच शाळांत येतायत.

इंग्रजी सगळ्यांनाच परकी, मग या पोरांचं वेगळं काय, असं स्टाफरूममध्ये हमखास ऐकायला मिळतं. वेगळं हे की आपण इंग्रजी इंग्रजीतनं शिकवतच नाही. धडा वाचायचा, कन्नडात नाहीतर मराठीत अर्थ सांगायचा, फळ्यावर लिहायचा, पोरांनी तो उतरवून घ्यायचा. एका कन्नड शाळेत सहावीतली बिहारची मुलगी बघितली. इंग्रजी शब्द नीट लिहिलेला, आणि त्याच्यासमोरचा कन्नड अर्थ फळ्याकडं बघत बघत रांगोळी काढावी तसा एकेक वळण घेत काढत होती. वही टेबलावर गेली, बरोबरची खूण पडली, सही झाली, विषय संपला. तिला ना तो शब्द कळला ना त्याचा अर्थ! मी बाजूला हिंदीत अर्थ लिहून दिला तर घडाघडा वाचून दाखवला, कारण गावाकडं हिंदी शाळेत शिकून आलेली. तिच्या पुढच्या बाकावरचा ओडिशाचा मुलगा मात्र त्यालाही अडला, त्याची लिपी निराळी, त्याला चित्रच काढून दाखवावं लागलं. मराठी शाळेतल्या टीचरना हिंदीवाल्या पोरांचं काम खरं तर निम्म्यानं सोपं आहे, लिपी तीच, फळ्यावरचं पोराला निदान वाचता तरी येतं.

दुसरं म्हणजे हसणं. पोरगं 'इस्कूल' म्हणालं की अख्खा वर्ग फिदीफिदी हसतो, कधीकधी सर पण हसतात, आणि आपल्याकडची निम्मी पोरं 'बस्सु', 'कारु' म्हणतात त्याला कोण हसत नाही. एकदा हसले की ते पोरगं पुढं महिना महिना तोंड उघडत नाही आणि मग 'हे ढ आहे, काय बोलतच नाही हो' असा शिक्का बसतो. वास्तविक नव्या भाषेत पडलेलं मूल सुरवातीला बरेच दिवस नुसतं ऐकत असतं, ते कान भरून घेत असतं, त्या दिवसांत त्याला उभं करून 'स्पीक, स्पीक' करण्यात काही अर्थ नाही, चित्रावर बोट ठेवू दे, मानेनं हो-नाही म्हणू दे, शेजारी एखादं बडबडं पोरगं बसवा. कॅनडातले जिम कमिन्स म्हणून भाषेचे मोठे अभ्यासक आहेत, त्यांनी परदेशातनं तिकडं आलेल्या पोरांचा अभ्यास करून सांगितलंय की बोलण्यापुरती इंग्रजी एक-दोन वर्षांत येते पण पुस्तकातली, परीक्षेतली इंग्रजी यायला पाच ते सात वर्षं जातात. आणि आपण सहा महिन्यांत युनिट टेस्टचा पेपर हातात देऊन मोकळे.

माझी भाची अमेरिकेत शाळेत शिकवते, तिच्याकडनं कळलं की तिथं १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी पोरांची केस सुप्रीम कोर्टात गेली होती. शाळेचं म्हणणं, सगळ्यांना तेच पुस्तक, तेच टीचर, मग अन्याय कसला? कोर्टानं सांगितलं, मुलाला भाषाच कळत नसेल तर तेच पुस्तक दिलं म्हणजे समान वागवलं असं होत नाही. हे वाचताना बेळगावच्या कुठल्याही मराठी माणसाला आपलंच कोणीतरी बोलतंय असं वाटेल. १९५६ साली आपण म्हैसूर राज्यात गेलो, आणि त्याच साली घटनेत ३५०-अ कलम आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळायची सोय करावी म्हणून. आपल्या सभांमध्ये, निवेदनांमध्ये ते कलम किती वेळा ऐकलं असेल. पण उद्यमबागचा ओडिया पोरगा आपल्या वर्गात आला की त्याला 'ए भैय्या' म्हणणारे आपणच, आणि तो भैय्या नाही, ओडिशाचा आहे एवढंही विचारायचे कष्ट घेत नाही. हे मला पटत नाही, कुणाला राग आला तर येऊ दे.

ऊसतोडीच्या पोरांचं तर आणखी वेगळंच. बीडकडची कुटुंबं हंगामात निपाणी, चिकोडी, अथणीकडं येतात, चारेक महिन्यांत निघून जातात, त्यांना आधी शाळेत तर घ्या, इंग्रजीचं नंतर बघू.

शाळेत घ्या वरनं आठवलं. एका बापाला 'गावाकडनं टीसी आणा मग बघू' म्हणून दोनदा परत पाठवलेलं मला माहीत आहे. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय की टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयाप्रमाणे वर्गात बसवलेल्या मुलाला इतरांच्या बरोबरीला आणायला खास शिकवणी द्यायची. या खास शिकवणीत इंग्रजी धरता येते, पण कोण धरतंय?

बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी साहेबांना आणि एसडीएमसीच्या म्हणजे शाळा सुधारणा कमिटीच्या मेंबरांना माझी विनंती एवढीच की जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या महिन्यात अशा पोरांना परीक्षा नको, रोज शेवटचा तास वेगळा बसवून चित्रं, वस्तू, हावभाव यांवर इंग्रजी घ्या, आणि पालकांना निरोप हिंदीत पाठवा, कन्नड सर्क्युलरचा फोटो व्हॉट्सअपवर टाकून काय उपयोग. माणसं कमी पडत असतील तर अनगोळ, टिळकवाडी, वडगावला आमच्यासारख्या रिटायर टीचर गल्लोगल्ली आहेत, बोलावून बघा, मानधन वगैरे काय नको. मला सकाळी कधीही जमेल, दुपारी तीननंतर मात्र नको, नातवाला शाळेतनं आणायचं असतं.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
अनगोळ, बेळगाव