आमच्या ट्रस्टचा कर्ता कोण?

टार्नेट, मेलबर्न
२२ जून २०२५

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "ट्रस्ट केलात ते ठीक, पण त्याचा कर्ता कोण?" आणि नेमकी सांगलीची लाइट गेली. स्क्रीनवर तुमचा चेहरा तसाच अडकून राहिला, भुवया वर. निम्म्या गल्लीची रिटर्न्स भरून दिलेल्या माणसाच्या त्या भुवया. आठवडाभर डोळ्यांसमोरून हलल्या नाहीत. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही म्हणणार, "लिहून काढ, आकडे कागदावर कळतात." म्हणून लिहायला बसलेय. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आहे, आत्ताच आमचं पुरणपोळीचं युनिट बंद करून आले, बोटांना अजून पुरणातल्या जायफळाचा वास येतोय.

आधी एक सांगते. आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की गणपती मंडळ नाहीतर देवस्थान आणि धर्मादाय आयुक्त. इथला फॅमिली ट्रस्ट त्यातला नाही. धंदा घराच्या मालकीचा, पण कागदावर कुणा एकाच्या नावावर नाही, अशी ही सोय आहे. इथले शेतकरी, दुकानदार, प्लंबर, डॉक्टर अशा अनेकांकडे असते. आमच्याच गिऱ्हाइकांत मिलडुराकडचे एक द्राक्षवाले आहेत, त्यांचा मळा ट्रस्टमध्ये आहे. तासगावच्या बेदाण्याचा विषय निघाला की तासभर हलत नाहीत, पण तो विषय वेगळा.

ट्रस्ट सुरू कसा होतो ते ऐकून तुम्ही हसाल. एका माणसानं दहा डॉलर द्यायचे. आमच्या अकाउंटंटच्या ओळखीच्या गृहस्थांनी दिले, ती नोट डीडच्या, म्हणजे ट्रस्टच्या दस्ताच्या, पहिल्या पानाला स्टेपल करून ठेवलीय. या माणसाला सेटलर म्हणतात. त्याला ट्रस्टमधून काही मिळता कामा नये, म्हणून घरातलं कोणी चालत नाही. त्यांना मी त्या दिवशी पाहिलं, पुन्हा कधी नाही. ट्रस्टी म्हणून आम्ही एक छोटी कंपनी काढली, डायरेक्टर मी आणि तुमचे जावई, अमित. आणि या सगळ्यांच्या वर एक जण असतो, अपॉइंटर. ट्रस्टीला काढायचा आणि नवा नेमायचा अधिकार त्याचा. त्या ओळीत माझं नाव आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर, कर्ता मी. आपल्याकडे मुलगी एचयूएफची, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाची, कर्ता होऊ शकते असं दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं तेव्हा तुम्ही ती बातमी दादाला वाचून दाखवली होतीत, आठवतं?

पण एचयूएफशी साम्य इथेच संपतं. एचयूएफमध्ये सहदायादाचा, म्हणजे घरच्या मिळकतीतल्या वाटेकऱ्याचा, हक्क जन्मानं येतो. इथे जन्मानं काहीच येत नाही. डीडमध्ये लाभार्थ्यांची लांबलचक यादी असते, त्यातल्या कुणालाही "माझा हिस्सा द्या" म्हणता येत नाही. दरवर्षी ३० जूनच्या आत ट्रस्टीनं ठराव करायचा की यंदाचा नफा कुणाला किती. ज्याच्या नावावर गेला, त्यानं आपल्या स्लॅबप्रमाणे कर भरायचा. ठराव राहिला तर सगळ्या नफ्यावर ट्रस्टीला ४७ टक्के. इथलं वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे जून महिना म्हणजे तुमचा मार्च. काही लोक ऑक्टोबरमध्ये ठराव लिहून त्यावर जूनची तारीख घालतात म्हणे. तुम्ही अशा माणसाचं रिटर्न हातात घेतलं नसतं, मलाही तो मार्ग नको.

आता आकडे. समजा वर्षाला ९०,००० डॉलर नफा. मशीन, पाच कामगार, भाडं, सगळं वजा जाऊन. तो एकटीच्या नावावर घेतला तर २०२४-२५ च्या दरानं १८,२०० पर्यंत शून्य, पुढे ४५,००० पर्यंत १६ टक्के, त्यावर ३० टक्के, आणि मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, २ टक्के वेगळे. साधारण साडेएकोणीस हजार कर होतो. तेच ट्रस्टमधून ५०,००० मला, २०,००० सईला आणि २०,००० सासूबाईंना दिले, तर माझा कर साडेसहा हजारांच्या आसपास आणि त्या दोघींचा शून्य. तुमची नात सई युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे, अजून कमावत नाही. तुमच्या विहीणबाई इथल्या पर्मनंट रेसिडेंट, त्यांनाही दुसरं उत्पन्न नाही. म्हणजे तेरा हजार वाचले. त्यातले चार-एक हजार अकाउंटंट आणि कंपनीच्या खर्चात जातात, हे आधी कुणी सांगत नाही. अमितचं नाव मुद्दाम टाळलं. त्याचा पगार १,३५,००० च्या वर आहे, त्याला दिलेल्या प्रत्येक डॉलरवर ३९ सेंट गेले असते.

तुम्ही लगेच विचाराल, ईशानच्या नावावर का नाही? तो चौदाचा. अठरा वर्षांखालच्या मुलांना असं आयतं उत्पन्न दिलं तर ४१६ डॉलरपर्यंत माफ, आणि १,३०७ च्या वर गेलं की सगळ्या रकमेवर ४५ टक्के. आपल्याकडे मुलाचं उत्पन्न आईबापाच्या उत्पन्नात मिळवतात आणि मुलामागे १,५०० रुपयांची सूट देतात, तसाच हा दरवाजा बंद केलेला. आणि वाटा न ठरलेल्या खाजगी ट्रस्टला तुमच्याकडे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १६४ खाली थेट कमाल दर लागतो, म्हणजे हा सगळा खेळच तिकडे चालत नाही. इथेही २०१९ च्या निवडणुकीत लेबर पक्षानं ट्रस्टच्या वाटपावर किमान ३० टक्के कर लावू म्हटलं होतं. ते हरले.

अमितचा पगार ट्रस्टमध्ये घाला असं दादा म्हणाला ना? नाही घालता येत. पगार तर नाहीच, पण कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्यानं ट्रस्ट काढून स्वतःच्या डोक्याची कमाई बायकोच्या नावावर दाखवली तरी इथलं करखातं ती त्याचीच धरतं. आमच्या ग्रुपमधले तिघे-चौघे आयटीवाले यासाठीच ट्रस्ट काढायला निघाले होते, त्यांना अमितनं परत पाठवलं. आमचं चालतं कारण पोळी मशीन लाटतं, कामगार भाजतात, धंदा माझ्या एकटीच्या हातावर नाही. आणि राहतं घर आम्ही ट्रस्टमध्ये घातलं नाही. घातलं असतं तर विकताना राहत्या घराची करमाफी गेली असती, आणि व्हिक्टोरियात ट्रस्टच्या जमिनीला लँड टॅक्स २५,००० डॉलर किमतीपासूनच लागतो.

आता मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. सईला २०,००० दिले असा ठराव केला, तर ते पैसे खरंच सईचे. कागदावर तिचे आणि खर्च आमच्या गृहकर्जावर, हे चालत नाही. त्यासाठी इथल्या करकायद्यात १००अ नावाचं जुनं कलम आहे, आणि २०२२ मध्ये खात्यानं त्यावर सविस्तर खुलासा काढला. त्यातला एक प्रकार वाचून मी दोनदा चष्मा पुसला. मूल अठराचं झालं की ट्रस्टमधून त्याला वाटा द्यायचा, आणि मग आईबापांनी त्याच्याकडून लहानपणीच्या शाळेची फी, कपडे, खाणंपिणं याचे पैसे "परत" घ्यायचे. पोटच्या पोराला बालपणाचं बिल! असं करणारे आहेत म्हणूनच खात्याला लिहावं लागलं.

म्हणून गेल्या जूनमध्ये मी सईला बसवून सांगितलं की हे तुझे आहेत, तुझ्या खात्यात जातील, मी विचारणार नाही. तिनं एका मिनिटात विचारलं, "मग पुढच्या वर्षीपण मिळतील का?" मी म्हटलं, सांगता येत नाही. "म्हणजे तू बॉस," ती म्हणाली. मी काही बोलले नाही.

सासूबाईंची तर मजाच झाली. ठरावाचा कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता, त्यांनी चष्मा लावून आपलं नाव शोधलं, आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे माझे ना? नक्की?" नक्की, म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मिरजेच्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला चार हजार डॉलर पाठवले आणि स्वतःला चांदीचा पेला घेतला. अमित जरा कुरकुरला. अकाउंटंट मात्र खूश. पैसा खरोखर त्यांचा आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठून आणणार, असं त्याचं म्हणणं. अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावावर माझे पैसे आले, असं त्या शेजारणीला सांगत होत्या. कर वाचला त्यापेक्षा मला ते जास्त आवडलं, पण हे अमितला लिहू नका.

आता जे फोनवर सांगायचं टाळत होते ते. डीडमध्ये लाभार्थ्यांत आईवडील, भावंडं, भाचे, सगळे येतात. पण पुढे एक कलम आहे की परदेशी व्यक्तीला या ट्रस्टमधून कधीही काही देता येणार नाही. ते काढलं, तर उद्या ट्रस्टनं घर घेताना परदेशी खरेदीदाराची जादा स्टॅम्प ड्युटी बसू शकते, कारण यादीत एक जरी परदेशी असला तरी सरकार अख्खा ट्रस्टच परदेशी धरू शकतं. वकिलानं वाचून दाखवलं, मी मान हलवली, आणि घरी येताना गाडीत लक्षात आलं की परदेशी व्यक्ती म्हणजे तुम्ही, आई आणि दादा. इकडे परकी मी, असं मला एवढी वर्षं वाटत होतं.

आणि हिशेबानंही तुमची नावं घालून उपयोग नव्हता. इथे न राहणाऱ्याला १८,२०० ची माफी नाही, पहिल्या डॉलरपासून ३० टक्के, वर तुम्हाला तिकडे दाखवणं आलंच. तुमच्या एचयूएफमध्ये मात्र २००५ पासून मी सहदायाद आहे, लग्न होऊन, समुद्र ओलांडूनसुद्धा. तुम्ही त्या वर्षी स्वतःहून कागदावर माझं नाव लिहिलंत, कुणी मागितलं नव्हतं. मी माझ्या कागदातून तुमचं काढलं. सही करताना हात अडला, एवढंच सांगायचं होतं.

आईला म्हणावं, दर महिन्याला येतात ते पैसे ट्रस्टचे नाहीत. माझ्या वाट्यातून, कर भरून उरलेले आहेत, ते कुठलं कलम थांबवत नाही. यंदाचा ठराव शुक्रवारी करतोय.

तुमची
मंजू

ता. क. तिकडे रिटर्नची मुदत यंदा १५ सप्टेंबरपर्यंत वाढवलीय असं वाचलं. एचयूएफचं रिटर्न दादाला भरू द्या, तुम्ही नुसतं तपासा. तुम्ही ते ३१ जुलैच्या आतच स्वतः भरून मोकळे होणार हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते.