मळी वर येऊ दे

पोर्टलंड, ओरेगन
१७ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मी गाडी चालवत होतो. त्यामुळे "ओतून देऊ नकोस, गार कर आणि यीस्ट टाक" एवढंच सांगता आलं. तू ऐकलंस, फार बरं वाटलं. पण तुझा तो पडलेला आवाज काही डोक्यातून जाईना. आयुष्यात पहिल्यांदा बिअरसाठी वीस लिटर वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) गोड रस काढायचा, सकाळपासून भांड्यापाशी उभं राहायचं, आणि शेवटी ग्लासात घेऊन बघावं तर पंचगंगेला जूनमध्ये येतं तसलं पाणी. जीव खाली-वर होणारच. म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

आधी माझं सांगतो. मी एकोणीस लिटर खरंच ओतून दिलंय, इथे आल्यावर दुसऱ्याच खेपेला. वर्टला पहिली जोरदार उकळी आली आणि बघता बघता आत पांढुरक्या गाठी फिरायला लागल्या. पनीरसाठी लिंबू पिळल्यावर दूध फाटतं ना, अगदी तसं. मला वाटलं नासलं. घरात विचारायला कुणी नव्हतं. गॅस बंद केला, गार होऊ दिलं आणि मागच्या अंगणात नेऊन ओतलं. पुढे दोन महिन्यांनी कळलं की त्या गाठी म्हणजे माल्टमधली प्रथिनं होती. उकळी नीट बसली की ती गोठून एकत्र येतात आणि वर्ट स्वच्छ होण्याची तीच सुरुवात असते. इथे त्याला हॉट ब्रेक म्हणतात. उत्तम चाललेलं काम मी हाताने मातीत घातलं, ते अजून मनाला लागतं. तुझं तसं होऊ नये म्हणून फोनवर एवढा ओरडलो, राग मानू नकोस.

आणि खरं तर हे आपल्या दोघांना कुणी शिकवायला नको होतं. आबांचं गुऱ्हाळ आठव. काहिलीत रस पडायचा तेव्हा तो कसा दिसायचा? हिरवट, राखाडी, गढूळ. चुलवाणात चिपाडं सारली की रस तापायचा आणि उकळी फुटायच्या आत वर मळीचा जाड थर धरायचा. गुळव्या भेंडीची ताटं कुटून भिजवलेलं ते चिकट पाणी रसात सोडायचा आणि मळी गोळा होऊन वर यायची. मग तो झाऱ्याने ती काढत बसायचा, आणि आपण जवळ गेलो की आबांची हाक, "बाजूला सरा, भाजंल!" खालचा रस हळूहळू कसा निवळायचा, मधासारखा रंग यायचा. मळी दिसली म्हणून आबांनी काहील कधी पालथी केली का?

वर्टमध्ये भेंडीचं काम आयरिश मॉस करतं. ते समुद्रातलं तांबडं शेवाळ. आई चायना ग्रासची खीर करायची, ते चायना ग्राससुद्धा तांबड्या शेवाळातूनच निघतं, म्हणजे लांबचं नातं लागतं. आयरिश मॉसमधला कॅरागीनन नावाचा पदार्थ प्रथिनांना धरून त्यांचे मोठे पुंजके करतो. उकळीची शेवटची पंधरा मिनिटं राहिली की आपल्या वीस लिटरला चमचाभर पुरे, किंवा व्हर्लफ्लॉक नावाची याच शेवाळाची तयार गोळी मिळते, ती अर्धी. जास्त घातलं तर उलट होतं, पुंजके फुसफुशीत राहतात आणि तळाला नीट बसत नाहीत. एक फरक मात्र लक्षात ठेव. गुऱ्हाळात मळी वर येते, इथे ती तळाला बसते. सुरुवातीला वर फेस येतो तो हवा तर काढ, नाही काढलास तरी बिघडत नाही. फक्त उतू जाण्याची ती वेळ असते, तेव्हा भांड्यापासून हलू नकोस.

तू म्हणालास की उकळी मंद ठेवली होती आणि झाकण लावलं होतं. ते सोड. तासभर खळखळून उकळलं पाहिजे आणि तेही उघडं. मंद आचेवर गाठी नीट धरत नाहीत. शिवाय माल्टचा उकडलेल्या मक्यासारखा एक वास असतो, तो वाफेबरोबर जायला हवा. झाकणाला लागून तो परत खाली येतो.

आता गार करणं. टबात बर्फ घालून तुला दीड तास लागला म्हणालास. पुढच्या वेळी तांब्याच्या नळीचं वेटोळं घे. ते उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत भांड्यात सोडायचं म्हणजे निर्जंतुक होतं, आणि मग आतून नळाचं पाणी खेळवायचं. माझ्याकडे साधारण पंचवीस मिनिटांत वीस अंशांवर येतं. झटकन गार केलं की आणखी बारीक साका धरतो आणि खाली बसतो. हळूहळू गार झालेल्या वर्टमध्ये तो अधांतरी राहतो. मग बिअर खोलीत असताना चकचकीत दिसते आणि फ्रीजमध्ये ठेवली की धुकट होते. बाहेर काढली की पुन्हा स्वच्छ. प्रथिनं आणि माल्ट-हॉप्समधली (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं) तुरट द्रव्यं यांची ती कच्ची गाठ असते, थंडीत जुळते आणि उबेत सुटते. चवीला काही होत नाही.

चवीला आणि टिकायला त्रास देणारा गढूळपणा वेगळा, तो पिठाचा. हे मात्र तुला तपासलंच पाहिजे, कारण तू मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवून पिठाची साखर करणं) पिशवीत केलास, माल्ट फार बारीक दळून घेतलास आणि शेवटी पिशवी पिळलीस. साधी परीक्षा आहे. केमिस्टकडून टिंक्चर आयोडीन आण. पांढऱ्या बशीत मॅशमधलं थोडं पाणी घे, कोंडा येऊ देऊ नकोस (कोंडा नेहमीच काळा पडतो आणि माणूस फसतो), आणि एक थेंब आयोडीन सोड. थेंब पिवळा-तपकिरीच राहिला तर पिठाची साखर झाली. निळा-काळा झाला तर स्टार्च उरलंय, मॅश अजून वीस मिनिटं तसाच ठेव. बशीतलं टाकून द्यायचं, परत भांड्यात नाही.

माझ्या एका खेपेला तो थेंब शाईसारखा काळा झाला होता. पांढऱ्या बशीत असा पसरत गेला की बघत राहिलो. तासभर ६६ अंशांवर ठेवलंय अशी माझी खात्री होती. मग शंका आली म्हणून थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला, तर काटा १०७ वर! म्हणजे मॅश ५९ अंशांवरच बसला होता आणि तिथे बार्लीचं स्टार्च धड फुलतही नाही. तेव्हा तुझा थर्मामीटर आजच उकळत्या पाण्यात तपास, ही गोष्ट उद्यावर टाकू नकोस. ६५ ते ६८ च्या मध्ये खरोखर राहिलं की तासाभरात काम होतं.

दळण जरा जाडसर सांग. टरफल शक्य तितकं अख्खं राहावं आणि आतला दाणा फुटावा. चाळणीच्या भांड्यात मॅश करणारे लोक पहिले तीन-चार लिटर काढून परत वरून हळूच सोडतात, म्हणजे टरफलांचा थरच गाळणं होतो. पिशवीत तो थर नसतो, म्हणून पिशवीचं वर्ट थोडं गढूळ निघतंच. ती वर टांगून आपोआप निथळू दे.

उकळी संपून वर्ट गार झालं की मोठ्या पळीने एकाच दिशेने गरगर फिरव आणि वीस मिनिटं हात लावू नकोस. सगळा साका मधोमध ढिगासारखा बसतो, मग कडेने वर्ट काढून घ्यायचं. कपातली चहापत्ती ढवळल्यावर मध्ये गोळा होते, तेच हे. तळाशी पाणी घासून मंदावतं आणि आत वळतं, पत्तीला मध्ये ओढून नेतं. आइन्स्टाइनने १९२६ मध्ये याच चहापत्तीवरून नद्यांची वळणं समजावून सांगणारा लेख लिहिला होता. मला हे फार आवडतं. दर खेपेला मी तो ढीग तयार होताना टॉर्च लावून बघतो.

थोडा साका आंबवणीच्या भांड्यात गेला तरी घाबरू नकोस. त्यातली स्निग्ध द्रव्यं यीस्टला उपयोगी पडतात. तुझं भांडं आता अठरा-वीस अंशांवर दोन आठवडे शांत ठेव, झाकण उघडून बघू नकोस. मग दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये एक-दोन अंशांवर. यीस्ट आणि उरलासुरला गाळ तळाला चिखलासारखा बसेल. काही लोक त्यात जिलेटिन घालतात, पण ते प्राण्यांपासून बनतं आणि वहिनी शाकाहारी आहेत, तेव्हा तू ते करू नकोस. आयरिश मॉस आणि थंडी एवढ्याने भागतं.

इथल्या नळाला येणारं बुल रन नदीचं पाणी फारच मऊ, त्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच, म्हणून मी थोडं जिप्सम घालतो. कॅल्शियम असलं की साका आणि यीस्ट दोन्ही चांगले बसतात. तुमच्या कोलंबसच्या पाण्याचा अहवाल नगरपालिका देते, तो पाठव, आपण दोघं मिळून बघू.

आणि वहिनींना सांग, घरी बिअर करणं इथे कायदेशीर आहे. १९७८ मध्ये कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन करमुक्त करता येते. विकायची मात्र नाही.

पुढच्या खेपेला गव्हाची जर्मन बिअर करायची म्हणतोस, तर तिथे हे सगळं विसर. ती धुकटच असते आणि तशीच छान लागते. पण आधी ही एक साधी बार्लीची, कॅस्केड हॉप्सची, निवळ करून दाखव. ते हॉप्स इथल्या कॉर्वालिसमध्ये तयार झालेले, १९७२ साली बाहेर आले. मी डिसेंबरमध्ये येताना अर्धा किलो घेऊन येतो.

तू बादलीत भरलंस तेव्हा तळाला उरलेलं थोडं वर्ट बरणीत ठेवलंयस ना? त्यातच आयोडीनचा थेंब टाकून बघ. रंग कुठला आला ते रात्री कळव, कितीही उशीर झाला तरी चालेल, मी जागा आहे.

तुझा,
विनय