केसांची गोळी चालू केलीस म्हणे

पक्या लेका,

परवा फोनवर तू एवढ्या खुशीत सांगत होतास की गोळ्या चालू करून तीन आठवडे झाले, दिवाळीत बघ कसा दिसतो ते, आणि मी नुसतं हो हो म्हणत राहिलो, कारण ऑफिसात होतो आणि मागची दोन पोरं कान टवकारून बसली होती. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. व्हॉट्सअॅपवर चार ओळी टाकल्या असत्या तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून हे लांबलचक.

गोळी घेऊ नको असं मी म्हणत नाहीये. चार वर्षं झाली, मी पण फिनास्टराइड घेतोय, रोज १ एमजी, आणि टाळूवर जे काही उरलंय ते तिच्यामुळेच. पण तू म्हणालास ५ एमजीची स्वस्त पडते म्हणून घरातल्या सुरीने चार तुकडे करतोस, वर मिनॉक्सिडिलची पण गोळीच, आणि डॉक्टर कोण, तर मोबाइलवर सात-आठ प्रश्न, टकलाचा एक फोटो आणि तिसऱ्या दिवशी कुरिअर. त्या प्रश्नांत बीपीची गोळी चालू आहे असं लिहिलंस का? आणि दादा गेले त्या वर्षी तुझी डिप्रेशनची ट्रीटमेंट चालली होती, ती? तुझं उत्तर मला माहितीय, कारण मी पण असंच काही लिहिलं नव्हतं.

माझं काय झालं ऐक. गेल्या वर्षी कंपनीचं फुल बॉडी चेकअप होतं, त्यात प्रोस्टेटची पीएसए टेस्ट, म्हणजे त्या ग्रंथीच्या कॅन्सरची शंका बघायला करतात ती रक्ताची. फॉर्मवर 'चालू औषधे' होतं तिथे मी बिनधास्त 'काही नाही' लिहिलं, केसांची गोळी म्हणजे काय औषध आहे का! आकडा आला २.३, शेजारी छापलेलं की ४ पर्यंत नॉर्मल, विषय संपला. दोन महिन्यांनी आईच्या गुडघ्यासाठी आमच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी सहज माझी फाइल चाळली आणि विचारलं, काही गोळ्या घेता का. सांगितल्यावर काही न बोलता २.३ च्या पुढे पेनाने लिहिलं, 'गुणिले २'. ही गोळी काही महिने घेतली की पीएसए साधारण निम्म्यावर येतो, प्रोस्टेट सुधारलं म्हणून नाही, गोळी आकडाच दाबून धरते म्हणून. म्हणजे माझा खरा हिशोब ४.६. मग यूरॉलॉजिस्ट, परत टेस्ट, सोनोग्राफी, आणि शेवटी निघालं काय तर वयाने जराशी वाढलेली ग्रंथी. पण ते तीन आठवडे मी कसे काढले ते मला आणि हिलाच माहिती. यूरॉलॉजिस्टनी एक चांगलं सांगितलं, गोळीवर असताना आकडा एकदा खाली बसला की तिथेच राहायला पाहिजे, तो चढायला लागला तर ४ च्या आत असला तरी दाखवायला या. माझा गोळीच्या आधीचा आकडाच नव्हता, त्यामुळे ताडून बघायला काही नव्हतं. तुझे तीनच आठवडे झालेत, आत्ताच विचारून घे करायची का ते.

तुझ्या बाबतीत मला जास्त धास्ती त्या दुसऱ्या गोळीची आहे. मिनॉक्सिडिल मुळात बीपीचंच औषध, १९७९ मध्ये अमेरिकेत त्यासाठीच बाजारात आलं, पेशंटच्या अंगभर केस उगवायला लागले तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि १९८८ मध्ये डोक्याला लावायचं लोशन म्हणून मंजूर झालं. केसांसाठी कमी डोसची गोळी डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात, म्हणजे द्यायला डॉक्टर तरी पाहिजे ना! ती अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, नाडी वाढवते, बीपी उतरवते, आणि तू आधीच बीपीची अॅम्लोडिपिन घेतोस, त्याने पण घोट्याला सूज येते, मग सूज आली तर नक्की कुणामुळे ते कसं कळणार? सकाळी संडासला जाऊन आल्यावर रोज वजन, मग पाच मिनिटं शांत बसून बीपी आणि नाडी, वहीत लिहायचं. चार-पाच दिवसांत दोन किलो वाढले, नाडी नेहमीपेक्षा वीसने जास्त, छातीत दुखणं, आडवं झाल्यावर दम लागणं, यातलं काहीही झालं तर मला फोन करत बसू नको, सरळ डॉक्टर गाठ.

आता जे विचारायला तू फोन लांबवत होतास ते. हो, फिनास्टराइडने इच्छा कमी होणं, ताठरपणा कमी होणं हे होऊ शकतं, सुरुवातीच्या चाचण्यांत शंभरात साधारण चार जणांना असला काहीतरी त्रास झाला, आणि औषध नसलेली नुसती पोकळ गोळी दिलेल्यांतही दोघांना. बहुतेकांचं थांबवल्यावर जातं, काहींचं बंद केल्यावरही रेंगाळतं असं अमेरिकेत लेबलवरच लिहिलंय. २००७ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी अर्ध्या पेशंटना हे आधी सांगितलं, अर्ध्यांना नाही, तर सांगितलेल्यांत ४३.६ टक्के तक्रारी आणि न सांगितलेल्यांत १५.३. म्हणून रोज रात्री परीक्षा घेत बसू नको, आणि काही झालंच तर लाजून गप्प पण बसू नको. छातीत गाठ लागली, निपल दुखलं, तेही दाखवायचं.

मूडचं मात्र गमतीत घेऊ नको. अमेरिकेत २०२२ मध्ये आणि युरोपात २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा फिनास्टराइडच्या अधिकृत दुष्परिणामांमध्ये आला. किती जणांना होतं ते सोड, तू त्यातून एकदा गेलेला माणूस आहेस. आणि आपलं आपल्याला कळत नाही रे, त्या वर्षी पण तू म्हणायचास मी ठीक आहे, जेवत नव्हतास ते वहिनींनी ओळखलं. म्हणून गोळी चालू आहे हे वहिनींना सांग, चोरून कसली घेतोस! झोप बिघडली, चिडचिड वाढली, नको नको वाटायला लागलं तर गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

किरकोळ दोन-तीन. कुरिअरमधल्या त्या बायोटिन व्हिटॅमिनच्या चघळायच्या गमीज रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेव आणि लॅबवाल्याला सांग, त्याने थायरॉइडचे आकडे चुकतात. मंडळाच्या रक्तदान शिबिरात यंदा हात पुढे करू नको, फिनास्टराइडच्या शेवटच्या गोळीनंतर महिनाभर तरी थांबावं लागतं, ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. आणि ती सुरी! धाकट्याच्या बायकोला दिवस गेलेत ना? अख्ख्या गोळीला वरून कोटिंग असतं, पण तोडलेल्या गोळीची भुकटी गरोदर बाईच्या हाताला लागायला नको, पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीला धोका. ओट्यावर कापतोस की काय? बंद कर ते, १ एमजीची घे, पैसे मी देतो हवं तर.

शनिवारी सकाळच्या गाडीने सांगलीला येतोय. सगळी पाकिटं, बीपीची पण, एका पिशवीत घालून ठेव आणि डॉक्टरांचा नंबर लावून ठेव, मी बाहेर बसतो, आत तू जा. भडंग आणून ठेव. बीपीचं मशीन माझं आणतोय, तुझ्याकडचं गेली कित्येक वर्षं सगळ्यांना १२० च दाखवतंय.

तुझा,
बाळ्या